डॉक्टरांनी चालायला सांगितले आहे!

डॉक्टरांची चिठ्ठी घरी आली की तिच्यावरच्या गोळ्या तासाभरात येतात. मुलगा मेडिकलवरून घेऊन येतो, सून सकाळ-दुपार-रात्र अशा वेगळ्या करून डबीत ठेवते, नातू आठवण करून देतो. चिठ्ठीच्या शेवटी मात्र आणखी एक ओळ असते. कधी ती लिहिलेली असते, कधी डॉक्टर नुसती तोंडाने सांगतात. रोज अर्धा तास चाला, गुडघ्याचा व्यायाम करा, पंधरा दिवस फिजिओथेरपीला या. ही ओळ मेडिकलमध्ये मिळत नाही. म्हणून बहुतेक घरांत ती चिठ्ठीवरच राहते. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी विचारले की दादी खाली बघतात आणि मुलगा म्हणतो, "काय करणार साहेब, ऐकतच नाहीत."

आपली वडीलधारी माणसे खरेच ऐकत नाहीत का? या महिन्याच्या लेखासाठी आम्ही हाच प्रश्न घेतला. शाळेत मुलांना सोडायला-न्यायला येणारे दादा-दादी, नाना-नानी, नांदेडच्या देगलूर नाका आणि इतवारा भागातले शेजारी, लातूरचे नातेवाईक, अशा अनेकांशी आम्ही निवांत बोललो. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, पुढे काय झाले, एवढेच विचारले. जे ऐकायला मिळाले ते "ऐकतच नाहीत" या दोन शब्दांत मावणारे नव्हते.

सांगणे वेगळे, पाठवणे वेगळे

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. "चालत जा" असे सांगणे आणि "अमुक ठिकाणी, अमुक माणसाकडे जा, तो तुम्हाला शिकवेल" असे म्हणून पाठवणे, यात मोठा फरक आहे. गोळी देताना डॉक्टर किती मिलिग्रॅमची, दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर, हे सगळे सांगतात. व्यायामाचे तसे होत नाही. किती चालायचे, कुठल्या वेगाने, दुखले तर थांबायचे की नाही, याबद्दल वडीलधाऱ्यांच्या मनात शंका असतात आणि त्या विचारायला दवाखान्याच्या गर्दीत वेळ नसतो.

सरकारी पातळीवर याची सोय कागदावर तरी बरीच आहे. ज्येष्ठांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. त्याच्या आराखड्यात जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांसाठी दहा खाटांचा वेगळा वॉर्ड आणि फिजिओथेरपीची सोय धरलेली आहे. २०१८ पासून गावोगावच्या उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे झाली. आता त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. औषधांबरोबर व्यायामाचे मार्गदर्शन हेही त्यांचे काम आहे. आपल्या घरी आशाताई येऊन तीस वर्षांवरील प्रत्येकाचा एक फॉर्म भरतात. त्यात तंबाखू खाता का, कंबरेचा घेर किती, यांच्या जोडीला आठवड्यातून किमान १५० मिनिटे शारीरिक हालचाल होते का, असा सरळ प्रश्न आहे. साठीच्या पुढच्यांना उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का, हेही विचारायचे असते. पण बहुतेक घरांत हा फॉर्म सून भरून देते आणि ज्यांच्याविषयी तो आहे ते आतल्या खोलीत असतात. पुढच्या वेळी आशाताई आल्या तर दादींना बाहेर बोलवा. हा प्रश्न त्यांचा आहे, उत्तरही त्यांनाच देऊ द्या.

त्यांनी काय सांगितले

नांदेडमधल्या एका निवृत्त गृहस्थांना गुडघ्याच्या झिजेसाठी डॉक्टरांनी फिजिओथेरपीला पाठवले. त्यांना वाटले होते, मशीन लावतील, शेक देतील, करंट देतील. मिळाले काय? खुर्चीवर बसवून पाय सरळ करायला लावला, दहा आकडे मोजायला सांगितले, पुन्हा खाली. "एवढ्यासाठी ऑटोचे पैसे घालून आलो का?" असे त्यांना वाटले आणि चौथ्या दिवसापासून ते गेलेच नाहीत. त्यांची ही निराशा आम्हाला अनेकांच्या बोलण्यात दिसली. मशीनला आपण इलाज मानतो, स्वतःच्या पायाने केलेल्या कामाला मानत नाही. गुडघा झिजला की त्याचा भार मांडीच्या स्नायूंनी उचलायचा असतो आणि ते स्नायू मशीनने बळकट होत नाहीत, हे त्यांना कोणी समजावून सांगितले असते तर कदाचित ते थांबले असते. शेक वेदना कमी करतो, ताकद मात्र हालचालीनेच येते.

साठी ओलांडलेल्या एका खालाजानना शुगर आहे. त्यांचे उत्तर दखनीत होते आणि ते जसेच्या तसे देण्यासारखे आहे. "चलने कू ना नहीं बोलते जी, मगर कां चलें?" गल्लीत नाली उघडी, मोटारसायकली अंगावर येतात, कुत्री मागे लागतात, आणि सर्वांत मोठे म्हणजे लोक विचारतात, कुठे निघालात? बाजारात निघाल्या म्हटले तर कोणाला नवल वाटत नाही. नुसतेच चालायला निघाल्या म्हटले की लोक हसतात. आयुष्यभर या बाईंनी कामाशिवाय घराबाहेर पाऊल टाकले नाही. साठाव्या वर्षी "काम नसताना बाहेर जा" असे सांगितल्यावर त्यांना संकोच वाटतो. हा आळस म्हणता येणार नाही. शेवटी त्यांनी गच्ची धरली. गच्चीवर त्या मगरिबच्या आधी फेऱ्या मारतात. फक्त जिना चढताना बुरख्याचा घोळ पायात येत होता, म्हणून नातीने जिन्यापुरता तो हातात धरायची सवय लावून घेतली.

लातूरच्या एका घरात आजींचा खांदा आखडला होता. मधुमेह्यांमध्ये खांदा जाम होण्याचे प्रमाण जास्त असते, हे डॉक्टरांनी त्यांना सांगितले. व्यायाम साधाच होता. भिंतीसमोर उभे राहून बोटांनी भिंत चढायची. सुनेने काय केले, स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूने रेघ मारली आणि तारीख लिहिली. आठवड्याने हात जिथपर्यंत गेला तिथे दुसरी रेघ. आजींना रेघ वर सरकलेली डोळ्यांनी दिसू लागली, मग त्यांना कोणी आठवण करून द्यावी लागली नाही. केस विंचरण्यासाठी हात स्वतःचा स्वतः डोक्यामागे गेला, त्या दिवशी त्यांनी घरात मिठाई वाटली. भिंत थोडी खराब झाली, एवढाच खर्च.

एका गृहस्थांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी हळूहळू चालणे वाढवायला सांगितले होते. पण घरच्यांच्या मनात भीती बसली. पाण्याचा तांब्या उचलू देईनात, जिना चढू देईनात, मशिदीत जायचे तर मोटारसायकलवर मागे बसवून नेऊ लागले. "मला माझ्या मुलांनी प्रेमाने आजारी केले," असे ते हसत म्हणाले, पण त्या हसण्यात दुखावलेपण होते. आजारी माणसाला उठू न देणे ही आपल्याकडे खिदमत समजली जाते. काही दिवसांसाठी ती असतेही. त्यानंतर मात्र बिछान्यात ठेवलेला म्हातारा माणूस दर आठवड्याला थोडी ताकद गमावतो आणि ती परत मिळवायला त्याला कितीतरी जास्त दिवस लागतात.

शेवटचा अनुभव सर्वांत कठीण आहे. लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या आजोबांना लकवा मारला. रुग्णालयातून सोडताना रोजच्या व्यायामासाठी शहरात यायला सांगितले. पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे, म्हणून आजोबांचे तिकीट लागत नव्हते. पण सोबत येणाऱ्या मुलाचे तिकीट लागत होते, आणि त्याहून मोठे म्हणजे त्याची रोजची मजुरी बुडत होती. तीन आठवड्यांनी जाणे बंद झाले. या घराला कोणी निष्काळजी म्हणेल का? लकव्यानंतरचे पहिले काही महिने सुधारणेसाठी सर्वांत महत्त्वाचे असतात आणि नेमके तेच हातून जातात. अशा वेळी पहिल्याच दिवशी फिजिओथेरपिस्टना सांगावे, "रोज येणे जमणार नाही. घरचे शिकवा, आम्ही आठवड्यातून एकदा दाखवायला येऊ." बहुतेक जण आनंदाने शिकवतात. ते शिकवत असताना मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवला तर घरी विसरायला होत नाही.

"आम्ही तर पाच वेळ नमाज पढतो"

हे वाक्य आम्हाला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकायला मिळाले. नमाज आहे, मग वेगळा व्यायाम कशाला? या प्रश्नाला टाळून पुढे जाणे बरे नाही.

नमाज ही इबादत आहे. ती व्यायाम म्हणून पढली जात नाही आणि तिचे मोल हालचालीवर ठरत नाही. तिच्यात उभे राहणे, वाकणे, बसणे, पुन्हा उठणे आहे, आणि त्याने सांधे मोकळे राहतात, हे खरेच आहे. मधुमेही रोजेदारांना सल्ला देताना डॉक्टर तरावीहलाही दिवसाच्या शारीरिक हालचालीत धरतात. तरीही हृदयाला आणि शुगरला ज्या चालण्याची गरज असते, त्यात श्वास थोडा वाढावा लागतो आणि तो काही मिनिटे तसाच राहावा लागतो. शांतपणे पढलेल्या नमाजेत तसे होत नाही, आणि होऊही नये.

आम्हाला यात दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटली. अनेक वडीलधाऱ्यांची खरी खंत गुडघ्याच्या दुखण्याची नाहीच, सजदा सुटल्याची आहे. खुर्चीवर नमाज पढण्याची सवलत आपल्याला मिळालेली आहे आणि ज्याला उभे राहता येत नाही त्याने बसून पढावे, हे हदीसमध्ये आले आहे. त्यात कमीपणा काहीच नाही. पण एका चाचांनी आम्हाला सांगितले, "सहा महिने खुर्चीवरून उठा-बसायचा व्यायाम केला, कारण मला ईदच्या दिवशी सफेत उभे राहायचे होते." दुसऱ्या एका आजींना दस्तरख्वानवर सगळ्यांबरोबर खाली बसायचे होते. डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केल्यापासून त्या एकट्या खुर्चीवर जेवत होत्या आणि घास घशाखाली उतरत नव्हता. त्यांच्या घरच्यांनी एक सोपा मार्ग काढला. रात्रीचे जेवण सगळ्यांनी टेबलावर आणि पलंगाच्या कडेला बसून करायचे. आजी खाली येऊ शकत नाहीत, तर घर वर आले.

हज-उमऱ्याला जाणाऱ्यांकडे पाहा. सफा आणि मरवा यांच्यामधल्या सात फेऱ्यांचे अंतरच सुमारे तीन किलोमीटर होते. तवाफ वेगळा. नाव लागले की सत्तरीची माणसेसुद्धा पहाटे उठून चालू लागतात, नवे बूट आणतात, किती फेऱ्या झाल्या ते मोजतात. लोकही त्यांना हसत नाहीत, उलट दुआ मागतात. परत आल्यावर मात्र महिन्याभरात ते चालणे बंद होते. म्हणजे पायात ताकद होती, मनात इच्छा होती आणि गल्लीतला रस्ताही तोच होता. त्या दिवसांत कशासाठी चालायचे हे ठरलेले होते आणि सारे घर पाठीशी होते. "शुगर कमी होईल" हे कारण डॉक्टरांचे झाले. आपल्या दादींना काय हवे आहे, हे एकदा त्यांना विचारून पाहा. सजदा, दस्तरख्वान, नातवाला उचलून घेणे, कोणाच्या आधाराशिवाय संडासला जाणे, बहिणीच्या गावी जाऊन येणे, यांपैकी काहीतरी उत्तर येईल. व्यायाम त्या उत्तराला बांधला तर टिकतो.

दूरदेशीचे आणि जवळचे धडे

हालचालीचे महत्त्व शास्त्राने प्रथम ठळकपणे दाखवले ते एका बसमुळे. लंडनचे डॉक्टर जेरी मॉरिस यांनी तिथल्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. १९५३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. एकाच बसमधली, सारख्याच थरातली माणसे, पण दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दिवसभर जिना चढ-उतर करणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. मॉरिस स्वतः ९९ वर्षे जगले.

पुढे १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरांनी रुग्णाला चिठ्ठी देऊन जवळच्या व्यायाम केंद्रात पाठवण्याची पद्धत रूढ झाली. साधारण दहा-बारा आठवडे तिथे शिकवणारा माणूस असतो. तिथल्या वडीलधाऱ्यांचे अनुभव आपल्यासारखेच आहेत. तरुण मुलांच्या गर्दीत आणि मोठ्या आवाजाच्या गाण्यांत त्यांना परके वाटते. नाव घेऊन विचारपूस करणारा प्रशिक्षक आणि आपल्या वयाची सोबत मिळाली की ते रमतात. बारा आठवडे संपले, सोबत तुटली, की पुष्कळ जण थांबतात. तिथल्या दक्षिण आशियाई मुस्लिम महिलांना अशा चिठ्ठीचा किती उपयोग होतो, याचाही २००२ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. फक्त महिलांसाठी ठेवलेली वेळ आणि शिकवणारी महिलाच, या गोष्टी तिथेही कळीच्या ठरल्या. म्हणजे देगलूर नाक्यावरच्या खालाजानची अडचण विलायतेतही ओळखीची आहे.

आपल्या देशातही एक मोठा प्रयोग झाला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर २४ रुग्णालयांत योगावर आधारित व्यायामाची पद्धत तपासण्यात आली आणि २०२० मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. पुन्हा झटका येण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण त्याने निश्चितपणे घटले, असे सिद्ध करता आले नाही. पण व्यायाम करणाऱ्यांना स्वतःची तब्येत अधिक बरी वाटली आणि आजाराआधीची रोजची कामे ते अधिक प्रमाणात पुन्हा करू लागले. आम्हाला यातला प्रामाणिकपणा आवडला. व्यायाम म्हणजे जादू नाही. गोळ्या बंद करायचे ते कारणही नाही. पण आपले काम आपण करता येणे ही म्हातारपणातली फार मोठी नेमत आहे.

काही घरांत "योग" हा शब्द आला की लोक अडखळतात. त्यांनी मनात कुढत बसण्यापेक्षा किंवा जाणेच बंद करण्यापेक्षा डॉक्टरांना सरळ सांगावे. ताण देणे, वाकणे, श्वास सावकाश घेणे या हालचाली कोणतेही शब्द न उच्चारता करता येतात आणि फिजिओथेरपिस्ट त्या तशाच शिकवतात.

चिठ्ठी घराच्या नावाने

आमचे म्हणणे एवढेच आहे की व्यायामाच्या चिठ्ठीवर नाव दादींचे असले तरी ती साऱ्या घराला दिलेली असते. म्हणून काही गोष्टी घराने कराव्यात.

डॉक्टरांकडे जाताना चार प्रश्न लिहून न्या. किती वेळ, किती वेगाने, काय करायचे नाही आणि दुखले तर काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे पासष्टीपुढच्यांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम चालीची हालचाल करावी आणि किमान तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम करावेत. हा आकडा ऐकून घाबरू नका. दहा मिनिटांनी सुरुवात केली तरी चालते, काहीच न करण्यापेक्षा थोडे केलेले केव्हाही बरे. मध्यम चाल म्हणजे कोणती? सोबतच्या माणसाशी बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही, अशी. तोलासाठी स्वयंपाकघराचा ओटा धरून एका पायावर उभे राहणे, ताकदीसाठी भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, हे डॉक्टरांना विचारून घरातच करता येते.

"घरकाम हाच व्यायाम" असे बायका म्हणतात आणि ते अगदीच चूक नाही. घरकामही हालचालीत धरले जाते. पण वाकून झाडणे आणि बसून भांडी घासणे यांनी कंबर थकते, तोल सुधारत नाही. शिवाय सून आल्यावर ते कामही हातातून जाते आणि त्याच्या जागी काहीच येत नाही.

पायाकडे लक्ष द्या. शुगर असलेल्यांनी अनवाणी किंवा गुळगुळीत स्लिपरवर चालू नये. मागून पट्टा असलेली चप्पल किंवा बूट आणा आणि रोज रात्री पायाला जखम, फोड आहे का ते पाहा. दादींना स्वतःचा तळपाय दिसत नाही, तो नातवाने पाहावा. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चालायला जाऊ नये आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. हातपाय थरथरले, घाम फुटला, तर लगेच ते खावे. छातीत दाटले, दम लागला किंवा चक्कर आली तर तिथेच थांबावे आणि डॉक्टरांना गाठावे.

आपल्या मराठवाड्याचे ऊन विसरून चालणार नाही. एप्रिल-मे मध्ये फज्रनंतरची वेळच योग्य. रमजानमध्ये इफ्तारच्या आधीच्या तासात जोराने चालू नये, इफ्तारनंतर थोडे चालावे, आणि शुगरवाल्यांनी रमजानच्या आधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

काठी घ्यायला पुष्कळांना लाज वाटते. पडून खुब्याचे हाड मोडणे हे काठीपेक्षा कितीतरी महाग आहे. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत, २०२४ पासून, ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना चष्मा, काठी, गुडघ्याचा किंवा कंबरेचा पट्टा यांसारख्या वस्तूंसाठी एकदा ३,००० रुपये बँक खात्यात देण्याची तरतूद आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत हवे. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत मदत क्रमांकही आहे. नातवंडांनी ही माहिती दादींना वाचून दाखवावी.

आणि शेवटची गोष्ट मोहल्ल्याची. नांदेडला गोदावरीचा काठ आहे, बागा आहेत, लातूरला नाना-नानी पार्क आहे. पण आपल्या वस्त्यांतून तिथवर जाण्यासाठी ऑटो करावा लागतो, आणि रोज ऑटोने चालायला कोण जाणार? आपल्या मोहल्ल्यात मात्र शाळेचे मैदान असते आणि सकाळी शाळा भरण्याआधी ते रिकामे पडलेले असते. व्यवस्थापनाशी बोलून एक तास फक्त वडीलधाऱ्या महिलांसाठी ते उघडे ठेवता येईल. फाटक बंद, आत गाड्या नाहीत, कुत्री नाहीत, "कुठे निघालात" असे विचारणारे कोणी नाही. पुरुषांसाठी अस्रनंतर मशिदीच्या दारातूनच चार जणांनी मिळून निघावे. कोणी एक दिवस आले नाही तर बाकीचे घरी विचारायला जातात, आणि एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला ती विचारपूसच औषधासारखी असते. शहरातल्या फिजिओथेरपिस्ट भगिनींना महिन्यातून एकदा मैदानावर बोलावले तर चुकीची हालचाल तिथेच सुधारेल. लातूरला तर फिजिओथेरपीचे महाविद्यालयच आहे.

आपल्या दोन्ही भाषांत जेवणानंतरच्या चालण्याला सुंदर शब्द आहेत. उर्दूत चहलकदमी, म्हणजे चाळीस पावले. मराठीत शतपावली, म्हणजे शंभर. आम्ही मुलांना वर्गात हे दोन्ही शब्द शिकवतो आणि विचारतो, उरलेली साठ पावले कोणाची? या महिन्यात आपल्या घरात याचे उत्तर द्या. चाळीस पावले दादी चालतील, पुढची साठ त्यांचा हात धरून तुम्ही चाला. पंधरा दिवसांनी मोजणीच राहणार नाही, इन्शाअल्लाह.

आपल्या शरीराचाही आपल्यावर हक्क आहे, ही शिकवण आपल्याला प्रेषितांकडून (स.) मिळालेली आहे. आपल्या वडीलधाऱ्यांच्या शरीराचा तो हक्क मिळवून देण्यात त्यांच्या मुला-सुनांचाही वाटा आहे. अल्लाह आपल्या घरातल्या थकलेल्या पायांना बळ देवो आणि त्यांच्या सोबतीने चालण्याची आपल्याला तौफिक देवो. आमीन.